रॉकरवरचा शेंदूर

पितांबरभाऊ वेळीच धुळ्याला लेकीकडे गेला असता तर म्हातारपण सुखात गेलं असतं, असं आमच्या गावात अजूनही म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांतला एकही जण त्याच्या ओट्यावर कधी घटकाभर टेकला नव्हता. माझं शेत त्याच्या विहिरीला लागून, मध्ये फक्त एक बांध. त्यामुळे त्याचं बोलणं माझ्या कानावर पडायचं, आणि पुढे त्याने बोलणं सोडलं तेही पहिल्यांदा मलाच कळलं.

त्याची विहीर म्हणालो खरा, पण विहीर त्याची नव्हती. विहीर, केळीची बाग, इंजिन, सगळं कौतिक आबांचं. चोपड्याहून सातपुड्याकडे तोंड करून निघालं की आमचं शिवार लागतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षभरातच आबांनी मोट सोडली आणि जळगावहून बैलगाडीत घालून तेलावरचं इंजिन आणलं. इंजिनाबरोबर पितांबर आला आणि त्याच्यामागे डोक्यावर गाठोडं घेऊन त्याची बायको बेबाबाई आली. तो आधी जळगावला कापसाच्या एका जिनात फिटरच्या हाताखाली होता. पाइपाचे जोड बसवणं, वाफ गळते कुठे ते शोधणं, हे त्याचं काम. आबांनी त्याला विहिरीवर दोन खणांचं घर बांधून दिलं. एका खणात इंजिन, दुसऱ्या खणात नवरा-बायको आणि लहानगी पुष्पा. मधल्या कुडाला एक फट होती, त्यातून इंजिनाचा धूर चुलीच्या धुराला भेटायला यायचा.

आमच्या विहिरीवर आसरांचे सात दगड आहेत. पाण्याच्या देवता त्या, त्यांना शेंदूर लावायची रीत जुनी. पहिल्या दसऱ्याला बेबाबाईने आसरांना शेंदूर लावला आणि उरलेला बोटावर घेऊन ती सरळ इंजिनाकडे गेली. पितांबर ओरडला असणार, कारण मला बांधापलीकडे ऐकू आलं. पण बेबाबाईचं म्हणणं असं, की आसरांच्या सावलीत आलेल्याला त्यांचा वाटा मिळायलाच हवा. आणि लावायचा कुठे, तर रॉकरवर.

इंजिनाच्या डोक्यावर दोन दांड्या असतात, तराजूच्या दांडीसारख्या मध्ये पिनेवर टेकलेल्या. इंजिन चालू झालं की एकामागून एक डुलतात. मागची दांडी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह दाबते, पुढची धूर बाहेर सोडणारा. हेच रॉकर. प्रत्येकाच्या मधोमध, पिनेच्या बरोबर वर, बारीकसं भोक असतं. रोज सकाळी चोचीच्या कुप्पीने त्यात तेल सोडायचं, ते आतल्या पितळी बुशात, म्हणजे पिनेभोवतीच्या नळीत, उतरतं आणि पिन ओली राहते. दारातून आत पाहिलं की पुढचा रॉकर समोरच दिसायचा. बेबाबाईला तोच आवडला.

"देखा ना, कशी मान डोलावते," ती मला म्हणाली होती. "आपलं बोलनं याले बठ्ठं समजते."

तेव्हापासून दर दसऱ्याला त्या रॉकरवर एक थर चढत गेला. मारुतीवरचा शेंदूर कोणी खरवडत नाही, तसा हाही कोणी खरवडला नाही. काही वर्षांनी तिथे लाल ढेकूळच झालं. पितांबर रोज सवयीने, न बघताच, त्याच ढेकळावर तेल सोडायचा आणि इंजिन दिवसभर बिनतक्रार पाणी ओढायचं. आजूबाजूच्या शिवारांत नवी इंजिनं आली, त्यांचे मिस्तरी आले, पण पितांबरच्या इंजिनाला कधी मिस्तरी लागला नाही. याचा त्याला फार अभिमान. लोकांची इंजिनं बंद पडली की हा मुद्दाम बांधावर येऊन विडी ओढत बसायचा. मला त्याचा हा तोरा अजिबात आवडत नसे, हे सांगून टाकतो.

पुष्पा लग्न होऊन धुळ्याला गेली. मग एका वर्षी पोळ्यानंतर बेबाबाईला ताप भरला. चोपड्याच्या डॉक्टरने औषध दिलं, ताप उतरला, पुन्हा भरला आणि तिला घेऊनच गेला.

त्यानंतर पितांबरभाऊ विहिरीवर एकटा. माणूस गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात, त्याचं उलट होतं. त्याचं घर अगदी मुकाट बसलं. बेबाबाईची फणी कोनाड्यात होती तशीच. तिचं जुनं लुगडं दोरीवर. इंजिनाच्या खणात कुडात खोचलेली खराट्याची एक काडी होती, टोकाला लाल झालेली, तीसुद्धा त्याने हलवली नाही. ती कशाची हेही त्याला ठाऊक नव्हतं. तिने खोचली होती, एवढं पुरे होतं. दिवसा इंजिन चालू असे तोवर बरं असे. संध्याकाळी इंजिनाचा पट्टा थांबला की तिकडून एक शब्द यायचा नाही. पूर्वी त्या वेळेला नवरा-बायकोची काहीतरी फालतू कुरबूर चालायची, मीठ जास्त झालं, पाणी गढूळ आणलं. मी वैतागायचो त्या आवाजाला. आता तो नव्हता तर जेवताना माझंच लक्ष तिकडे जायचं.

दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो तेव्हा तो विहिरीत उतरून वर आला होता. पावसाळ्यात पाइपाचा जोड गळायला लागला होता, तो त्याने नव्याने बसवला होता. जोडात भरायला फिटर लोक शेंदूर वापरतात, जवसाच्या तेलात कालवून. सुकला की दगड होतो, थेंब पाणी सोडत नाही. वाटीत तोच उरला होता. त्याने आधी आसरांना लावला आणि मग रॉकरवर. तिचे जुने थर पार झाकले जातील असा जाड, दोन बोटांनी, चारी बाजूंनी दाबून.

"गोडंतेल नव्हतं घरात," तो म्हणाला. "पन शेंदूर तो शेंदूर. ती असती तं पुरनपोळी असती. म्या देवापुढे गूळ ठेवला."

आपट्याची पानं त्याच्या हातात दिली. ती घेऊन तो उभाच राहिला, कारण कोणाला द्यायची ते त्याला सुचेना. मी म्हटलं, ठेव आसरांपाशी.

दिवाळी झाली, पाऊस संपला, केळीला पाणी सुरू झालं. मार्गशीर्षात एकदा बांधावर उभा होतो तर इंजिनाचा आवाज वेगळा वाटला. पुक पुक चालूच होती, पण मध्ये एक टक टक मिसळली होती, कोणी लांबून सुपारी फोडावी तशी. मला कळली ती पितांबरला न कळणं शक्यच नव्हतं. त्याने इंजिन थांबवलं. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये जराशी फट ठेवावी लागते. पितांबर ती पोस्टकार्ड घालून मोजायचा, कार्ड अडकत सरकलं की बरोबर. पुढच्या रॉकरखाली आता कार्डाची घडी जाऊन वर जागा उरत होती. त्याने फट जुळवली. आवाज गेला आणि आठवड्यात परत आला.

मग त्याने पुढचा रॉकर काढला आणि ओट्यावर गोणपाट टाकून बसला. पिन खालच्या बाजूने खाल्लेली, बुश अंड्यासारखा लांबट झालेला. पिन ढिली झाली म्हणून रॉकर तिरपा आपटत होता, त्याने व्हॉल्व्हच्या दांडीचं टोकही एका बाजूला चेपलं होतं. जे इतक्या वर्षांत झालं नाही ते दोन महिन्यांत झालं होतं. तो जळगावला गेला, लेथवाल्या छगन मिस्तरीकडून नवी पिन, नवा बुश करून आणला. व्हॉल्व्ह घासून बसवला. बुश रॉकरमध्ये ठोकताना त्याने शेंदराच्या ढेकळाला हातोडीचा वाराही लागू दिला नाही. खाली जुनं धोतर घडी करून घेतलं आणि बाळाला न्हाऊ घालतात तसा रॉकर त्यावर आडवा धरला.

"खरवडून टाक की तो शेंदूर," मी म्हणालो. "नवा लाव."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उगाच बैलाला हाक मारून निघून आलो. जाताना कळलं. त्याच्या थराखाली तिचे थर होते. तिच्या हातचं दुसरं काही जगात शिल्लक नव्हतं. लाडू संपले होते, लोणचं संपलं होतं.

माघात टक टक परत आली. आता पितांबर चिडला. छगनने हलकं पितळ दिलं, असं तो उघड म्हणू लागला. तेलात भेसळ आहे म्हणून त्याने तेलाचा डबा बदलायला लावला. पुढचा रॉकर धुराकडचा, तिथे आच जास्त, तेल जळत असेल म्हणून तो सकाळ, दुपार, संध्याकाळ तेल सोडू लागला. तेल शेंदरावरून ओघळायचं, दांडी चकचकीत ओली दिसायची, खाली धारा लागायच्या.

"रॉकरले अंघोळ घालतो का रे भाऊ?" मी विचारलं.

तो हसला नाही. पूर्वी हसला असता, किंवा मला दोन शिव्या दिल्या असत्या.

कौतिक आबा वाईट माणूस नव्हते. पण होळीच्या सुमाराला इंजिन दुसऱ्यांदा उघडलं आणि केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, तेव्हा ते विहिरीवर आले. मी तिथेच होतो.

"पितांबर, केयीले आपलं दुःख समजत नही," ते म्हणाले. "आखाजीपावत देखतो. चाललं तं चाललं. नहीतं नवं इंजिन आनतो, त्याच्यासंगे कंपनीचा मानूस येईन. त्याले राह्याले घर लागीन."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दीड महिन्यावर होती; आणि घर म्हणजे हेच, विहिरीवरचं. पितांबर म्हणाला, "बरं, आबा." धुळ्याहून पुष्पाचाही निरोप आला होता, की आखाजीला माहेरी येते आणि परत जाताना तुम्हाला घेऊनच जाते. जावई भला होता. दोन वेळचं ताट, बसायला ओटा, खेळवायला नातू, सगळं तिथे होतं. लोकांना यात दुःखासारखं काय होतं ते कळेना. मला कळत होतं, पण समजावून सांगता आलं नसतं. कोनाड्यातली फणी उचलून धुळ्याच्या कोनाड्यात ठेवता येते, पण मग ती नुसती फणी होते.

त्या दुसऱ्या दुरुस्तीत पितांबरने एक शहाणपणाची गोष्ट केली. दोन्ही रॉकर सारखे नसतात, एकाचा हात डावीकडे वळलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, त्यामुळे त्यांची अदलाबदल होत नाही. पण आतल्या पिना आणि बुश एकाच मापाचे. मागच्या रॉकरचा जुना बुश आणि पिन, जे इतकी वर्षं काही न होता चालले होते, ते त्याने पुढे घातले. छगनकडून पुन्हा करून आणलेले नवे मागे घातले. आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही पुढची मागे, मागची पुढे केली. म्हणजे पितळ हलकं असेल तर आता मागचा रॉकर झिजेल. स्प्रिंग कडक असेल तरी मागचाच.

चैत्र निम्मा सरला आणि टक टक पुन्हा सुरू झाली. पुढेच.

त्या दिवशी सकाळी त्याने पट्टा उतरवला, हौदातलं पाणी सोडलं आणि दोन्ही रॉकर ओट्यावर आणले. पुढचं मी पाहिलं नाही. पण त्याने मला ते इतक्यांदा सांगितलं, की आता माझ्या डोळ्यांसमोरच घडल्यासारखं वाटतं.

त्याने दोन्ही पिना उन्हात शेजारी ठेवल्या. मागची, छगनची, काळसर आणि ओली. बोट लावलं तर तेल लागलं. पुढची, ती जुनी भरवशाची पिन, खालच्या अंगाने निळी पडली होती, ओरखडे उठले होते आणि पुसलेल्या ताटासारखी कोरडी होती. लोखंड तापून निळं पडतं ते कोरडं फिरलं की. तेव्हा त्याला मान्य करावं लागलं, की पितळ चांगलं, छगन चांगला, स्प्रिंग चांगली. धातूत दोष नाही, जागेत दोष आहे. त्या जागेला तेल मिळत नाही. धुराची आच म्हणावी, तर आच इतकी वर्षं तेवढीच होती.

पण तेल तर तो तीन वेळा सोडत होता.

बुशाचं भोक रॉकरच्या भोकाशी जुळलं नसेल म्हणून त्याने आतून वाकवलेली तार घातली. तार बुशाच्या भोकातून नीट वर गेली. भोकं जुळलेली होती. वर जाऊन तार कशाला तरी टणक टेकली आणि थांबली. त्याने तारेवर नखाने खूण केली, तार बाहेर काढून रॉकरच्या लोखंडाला लावून पाहिली. तार लोखंडापेक्षा जास्त आत गेली होती. बोटाच्या पेराएवढी जास्त. लोखंड संपल्यावरही वर मोकळी वाट होती, आणि लोखंडाच्या वर शेंदराशिवाय काही नव्हतं.

शेंदरात भोक कसं? हे त्याला उमगेना. पण वर ते बंद कशाने झालं ते मात्र लख्ख कळलं. जवसाच्या तेलातला शेंदूर. विहिरीचं पाणी अडवायला स्वतःच्या हाताने कालवलेला. तीस फूट पाण्याचा जोर तो सोडत नाही, तिथे कुप्पीतल्या थेंबाची काय कथा.

तो तसाच बसून राहिला. ऊन ओट्यावर चढलं, भाकरीची वेळ टळली. करायचं काय ते उघड होतं. छिन्नी लावायची, ढेकूळ उडवायचं, भोक मोकळं करायचं. लहान पोरानेही केलं असतं. पण छिन्नीने उडवलं तर त्याच्या थराबरोबर तिचे सगळे दसरे उडणार होते. न उडवलं तर आखाजीला घर जाणार होतं. त्याने छिन्नी हातात घेतली आणि ठेवली, पुन्हा घेतली आणि ठेवली. 

मग त्याला जिनातली एक युक्ती आठवली. रॉकरच्या पोकळीत त्याने ग्रीस ठासून भरलं. एका बाजूला लाकडाचा गट्टू मारला. दुसऱ्या बाजूने छगनची घट्ट बसणारी पिन टेकवली आणि लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू आत मारू लागला. ग्रीसला बाहेर पडायला एकच वाट राहिली, ती वरच्या भोकाची. दाब वाढत गेला की जे सगळ्यात कच्चं चिकटलेलं असेल ते सुटेल. काय सुटेल ते त्याच्या हातात नव्हतं. त्याला तेच हवं होतं.

बुच उडावं तसा आवाज झाला आणि लाल टोपण उडून गोणपाटावर पडलं.

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो, कारण दिवसभर ना इंजिनाचा आवाज ना हातोडीचा. तो ओट्यावर बसला होता आणि तळहातावर ते टोपण होतं. मीही ते हातात घेऊन पाहिलं. कवडीएवढ्या जाडीचं, खापरासारखं टणक. फक्त त्याचा थर सुटला होता. खालचे तिचे थर गोड्या तेलातले, मऊ राहिलेले, त्यांना हा कडक थर नीट धरलाच नव्हता. रॉकरवर तिचा शेवटचा दसरा जसाच्या तसा होता. तिच्या अनामिकेने ओढलेली रेघसुद्धा. टोपणाच्या आतल्या अंगाला त्याच रेघेचा ठसा उमटला होता, बारीक, बाईच्या बोटाचा. आणि रेघेच्या टोकाशी, सगळ्या थरांतून थेट खाली गेलेलं, गोल, स्वच्छ भोक.

"हे कोनी पाडलं?" त्याने मला विचारलं. मला काय ठाऊक असणार?

तो उठला. इंजिनाच्या खणात गेला आणि कुडात खोचलेली ती लाल टोकाची काडी घेऊन आला. काडी भोकात घातली. ती सैल नाही, घट्ट नाही, बरोबर बसली. शेंदूर लावताना भोकात काडी उभी धरायची, भोवतीने लिंपायचं आणि मग काडी काढून कुडात ठेवायची. दर दसऱ्याला तिने हे केलं होतं. पितांबरने काडी अलगद बाहेर काढली. मग त्याने कुप्पी आणली आणि भोकावर एक थेंब सोडला. थेंब क्षणभर थांबला आणि आत उतरला.

"तेल मी टाकत होतो, जीवराम," तो म्हणाला. "वाट ती ठेवत होती. मले कधी बोलली नही."

  माझं तोंड त्याला दिसू नये म्हणून मी विहिरीत पाणी किती आहे ते पाहायला गेलो.

दुसऱ्या दिवशी तो छगनकडून नवी पिन, नवा बुश घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. टक टक आली नाही. पितांबर पुन्हा जळगावला जाऊन छगनला त्याच्याच दुकानात चहा पाजून आला. आखाजीच्या आधी कौतिक आबा आले, दारात उभे राहून कान देऊन ऐकलं, केळीचा नवा पोगा, गुंडाळलेलं कोवळं पान, हातात धरून पाहिला आणि नव्या इंजिनाचा विषय न काढता गेले.

आखाजीला पुष्पा आली. आमच्याकडे लेकी आल्या की झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. विहिरीवरच्या निंबाला पितांबरने एकट्यानेच झोका बांधला होता आणि तो जरा वाकडा होता. पुष्पाने बापाचं सामान बांधायला घेतलं, तेव्हा तो तिला हाताला धरून इंजिनाच्या खणात घेऊन गेला. टोपण दाखवलं, भोक दाखवलं, मोठ्या गुपितासारखी काडी दाखवली. मी दारात होतो.

पुष्पा बापाकडे बघून हसली. "ही तं माह्यीच काडी, दादा. माय शेंदूर लावे तव्हा काडी मीच धरे ना. हालली का माय टपली मारे. तुम्ही तव्हा येहेरीवर राहे, आसराले नारळ फोडत."

पितांबर तिच्याकडे वळला. "मंग मले काहून नही सांगितलं? दोघीतून एकीनंबी?"

"काय सांगाचं?" ती म्हणाली. "इंजिनवाले तुम्ही. आमाले वाटलं, तुमाले माहीत असनच."

तो हसला. बेबाबाई गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसता हसता तो विहिरीकडे तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. पुष्पाने बांधलेलं गाठोडं सोडलं, बापाची धोतरं पुन्हा दांडीवर टाकली आणि चूल पेटवायला बसली.